कीटकांमध्ये नर आणि मादी कसे ठरतात: इशारे अनेक, यंत्र एक

प्रश्न थोडक्यात असा आहे. माणसात वाय गुणसूत्र असले की मुलगा आणि नसले की मुलगी, असे शाळेत शिकवतात. फळमाशीतही मादी एक्सएक्स आणि नर एक्सवाय असतो. मग कीटकांची लिंगनिश्चिती माणसासारखीच समजायची का? आणि तसे असेल, तर मधमाशीचा नर बापाशिवाय कसा जन्मतो, आणि एका बाजूचे पंख नराचे व दुसऱ्या बाजूचे मादीचे असलेले जे फुलपाखरू छायाचित्रांत दिसते, ते कसे घडते?

मी बरीच वर्षे फळमाश्यांच्या जनुकशास्त्रावर काम केले आहे, त्यामुळे उत्तरात फळमाशीला थोडा जास्त मान मिळेल. नर-मादी ठरवणारा पहिला इशारा कीटकांच्या गटागणिक बदलतो, क्वचित एकाच जातीच्या दोन समूहांतही बदलतो. मात्र तो इशारा ज्या यंत्रापर्यंत पोहोचतो ते यंत्र जवळपास सगळीकडे एकच आहे, आणि ते शरीरातल्या एखाद्या ग्रंथीत नसून पेशीपेशीत बसवलेले आहे. तिन्ही प्रश्नांची उत्तरे या दोन गोष्टींतून निघतात.

माणूस आणि फळमाशी यांच्यातले साम्य वरवरचे आहे, हे दाखवायला चुकलेली गुणसूत्रे पुरेशी आहेत. माणसात एकच एक्स असेल आणि वाय नसेल तर स्त्री जन्मते. दोन एक्स आणि एक वाय असेल तर पुरुष जन्मतो. फळमाशीत नेमके उलटे होते. एकच एक्स असलेली माशी नर असते, आणि दोन एक्स व एक वाय असलेली माशी मादी असते, तीही अंडी घालणारी, धडधाकट. कॅल्विन ब्रिजेस यांनी १९१६ मध्ये अशा माश्यांचा सविस्तर हिशेब मांडला, तेव्हाच फळमाशीच्या वायचा नर ठरवण्याशी संबंध नाही हे स्पष्ट झाले. वाय नसलेला नर दिसायला आणि वागायला पूर्ण नर असतो, फक्त त्याला पिल्ले होत नाहीत, कारण शुक्राणू नीट घडवणारी काही जनुके वायवर आहेत. माणसाच्या वायवर मात्र एसआरवाय नावाचे जनुक आहे (ते १९९० मध्ये सापडले), ते वृषण घडवायला सुरुवात करते, आणि पुढचे बहुतेक काम वृषणातून रक्तात जाणारी संप्रेरके करतात. संप्रेरकांचा हा मुद्दा शेवटी फुलपाखरापाशी पुन्हा येईल.

गंमत अशी की लिंग गुणसूत्रांचा शोध मुळात कीटकांतच लागला. हेरमान हेंकिंग यांनी १८९१ मध्ये एका लाल ढेकूणवर्गीय कीटकाच्या शुक्रपेशी पाहताना, अर्ध्याच पेशींत जाणारा एक गडद ठिपका नोंदवला आणि तो काय आहे हे न कळल्यामुळे त्याला ‘एक्स’ म्हटले. क्लॅरेन्स मॅकक्लंग यांनी नाकतोड्यांवर काम करून या जादा गुणसूत्राचा संबंध लिंगाशी जोडला, पण दिशा उलटी धरली; त्यांना ते नर घडवणारे वाटले. नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ मध्ये पिठात वाढणाऱ्या भुंगेऱ्यात, म्हणजे मीलवर्ममध्ये, मादीच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रे आणि नराच्या पेशीत एकोणीस मोठी व एक लहान असते हे मोजून दाखवले. लिंग हे अन्नावर किंवा हवामानावर नाही, तर शुक्राणूबरोबर आलेल्या गुणसूत्रावर ठरू शकते, याचा तो पहिला नि:संदिग्ध पुरावा होता. मात्र नरात लहान गुणसूत्र दिसते एवढ्यावरून ते गुणसूत्रच नर ठरवते असे सिद्ध होत नाही, आणि प्रश्नातला गोंधळ नेमका इथेच आहे. नाकतोड्याच्या नरात तर वाय नसतेच. एक्स एकटे असते, आणि तरी तो नर होतो.

मग फळमाशी ठरवते कशी? एक्सची मात्रा मोजून. मोजणी करणारी मुख्य चार जनुके स्वतः एक्स गुणसूत्रावरच आहेत, म्हणून दोन एक्स असलेल्या भ्रूणात त्यांची प्रथिने दुप्पट बनतात. ही प्रथिने सेक्स-लीथल नावाच्या जनुकाचे पहिले बटण दाबतात. एका एक्सच्या मात्रेने ते बटण दाबले जात नाही, दोन एक्सच्या मात्रेने दाबले जाते. अधलेमधले काही नाही. हा सगळा प्रकार अंडे घातल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांतच आटोपतो, त्या वेळी भ्रूणात पेशींची आवरणेसुद्धा पुरी तयार झालेली नसतात. जुन्या पाठ्यपुस्तकांत ‘एक्स आणि इतर गुणसूत्रांचे गुणोत्तर’ मोजले जाते असे लिहिलेले असते. ब्रिजेस यांनी १९२१ मध्ये तिप्पट गुणसूत्रसंच असलेल्या माश्यांवरून ती कल्पना मांडली होती: दोन एक्स आणि तीन संच असलेली माशी ना धड नर, ना धड मादी निघे. निरीक्षण खरे आहे, स्पष्टीकरण आता बदलले आहे. २००७ मध्ये दाखवले गेले की गुणोत्तर असे कोणी मोजत नाही. तिप्पट संचाच्या भ्रूणात पेशी बनण्याची क्रिया लवकर होते, त्यामुळे एक्सची प्रथिने साठायला वेळ कमी पडतो, आणि काही पेशींत बटण दाबले जाते, काहींत राहून जाते. गुणोत्तराचे वाक्य आजही परीक्षांत उत्तर म्हणून चालते, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता पुढची युक्ती, जी मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणी वाटते. पहिले दोन-तीन तास संपल्यावर सेक्स-लीथलचे ते पहिले बटण कायमचे बंद होते आणि दुसरे बटण सुरू होते, जे नर-मादी दोघांतही सारखेच चालते. पण या दुसऱ्या बटणातून निघणाऱ्या आरएनएच्या (म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी उतरवलेल्या जनुकाच्या नकलेच्या) कच्च्या धाग्यात एक तुकडा असा आहे की ज्यात ‘इथे थांबा’ असा संकेत आहे. तो तुकडा आत राहिला तर प्रथिन अर्धवट आणि निकामी बनते. ज्या पेशीत आधीच सेक्स-लीथलचे थोडे प्रथिन तयार आहे, त्या पेशीत ते प्रथिन स्वतःच्याच आरएनएवर बसते आणि तो तुकडा वगळायला लावते, त्यामुळे आणखी पुरे प्रथिन बनते, ते पुन्हा तेच करते, आणि हे चक्र माशी मरेपर्यंत चालू राहते. नराच्या पेशीत सुरुवातीचे प्रथिनच नसल्याने तुकडा आत राहतो आणि चक्र कधी सुरूच होत नाही. म्हणजे आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन तासांत घेतलेला निर्णय, ज्या इशाऱ्यावर तो घेतला तो इशारा संपून गेल्यावरही, प्रत्येक पेशी स्वतःच्या आत जपून ठेवते.

सेक्स-लीथल या नावातला ‘लीथल’ म्हणजे प्राणघातक हा शब्दही उगाच नाही. नराकडे एकच एक्स असल्याने त्या एक्सवरची जनुके दुप्पट जोराने चालवावी लागतात, आणि हे काम करणाऱ्या प्रथिनसमूहाचा एक आवश्यक घटक मादीत बनू नये याची काळजी सेक्स-लीथल घेते. मादीत सेक्स-लीथल बिघडले तर तिचे दोन्ही एक्स दुप्पट जोराने चालू लागतात आणि ती अळीच्या अवस्थेपर्यंत पोहोचण्याआधीच किंवा अळी असतानाच मरते. नराला मात्र त्याच बिघाडाने काही होत नाही.

सेक्स-लीथलच्या खाली ट्रान्सफॉर्मर हे जनुक येते आणि त्याच्या खाली डबलसेक्स. मादीत सेक्स-लीथल ट्रान्सफॉर्मरच्या आरएनएची योग्य कापणी-जोडणी करवून घेते. नरात ट्रान्सफॉर्मर निकामी राहते. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९४५ मध्ये ट्रान्सफॉर्मरचे पहिले उत्परिवर्तन वर्णिले, तेव्हा त्यांना असे दिसले होते की दोन एक्स असलेल्या माश्या बाहेरून नर होऊन जन्मतात. अशा माश्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या तर पुढच्या पायांवर नराचा काळा काट्यांचा कंगवा दिसतो, पोटाचे टोक नरासारखे काळेभोर आणि गोलसर असते, त्या माद्यांच्या मागे लागतात, एक पंख आडवा करून तो थरथरवत प्रणयगीतही वाजवतात. मात्र त्यांची संतती होत नाही.

सगळ्यांत खाली असलेल्या डबलसेक्सबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. हे जनुक मादीत चालू आणि नरात बंद, असे नाही. ते दोघांतही चालू असते, पण त्याचा आरएनए दोघांत वेगळ्या रीतीने जोडला जातो, म्हणून प्रथिनाच्या दोन आवृत्त्या बनतात. फळमाशीत मादीची आवृत्ती ४२७ अमिनो आम्लांची आणि नराची ५४९ अमिनो आम्लांची आहे. पहिला ३९७ चा भाग दोघींत सारखाच असतो, शेपटी तेवढी बदलते. सारख्या भागाने हे प्रथिन डीएनएवर त्याच जागी बसते, आणि शेपटीप्रमाणे शेजारचे जनुक चढवते किंवा उतरवते. डबलसेक्स पूर्णपणे नष्ट केले तर एक्सएक्स आणि एक्सवाय दोन्ही माश्या एकमेकींसारख्याच, मधल्या रूपाच्या निघतात. म्हणजे नर हे काही ‘काहीच केले नाही तर जे उरते ते’ असे रूप नाही. नर घडवायलाही डबलसेक्सला काम करावे लागते.

हे यंत्र नीट समजले की इतर कीटकांची विविधता कोड्यासारखी वाटत नाही. फळमाशीचाच दूरचा नातेवाईक असलेल्या घरमाशीत सेक्स-लीथल आहे, पण ते दोन्ही लिंगांत सारखेच बनते आणि लिंगनिश्चितीत त्याचा काही हात नाही. तिथे आई अंड्यात ट्रान्सफॉर्मरचा थोडा साठा घालून ठेवते, आणि ट्रान्सफॉर्मर स्वतःच स्वतःच्या आरएनएची जोडणी करत राहते. जे चक्र फळमाशीत सेक्स-लीथलने चालवले तेच इथे एक पायरी खाली चालते. म्हणजे घरमाशीचे भ्रूण मुळात मादीच्या वाटेवर असते. नर व्हायचे तर ते चक्र कोणीतरी तोडावे लागते, आणि तोडणारा घटक २०१७ मध्ये सापडला. आरएनएच्या जोडणीत काम करणाऱ्या एका सामान्य जनुकाची प्रत उत्क्रांतीत वेगळी होऊन तो घडला आहे. हा घटक काही माश्यांत वायवर असतो, तर इतरत्र दुसऱ्याच एखाद्या गुणसूत्रावर, आणि जिथे तो जाईल ते गुणसूत्र व्यवहारात ‘वाय’ बनते. काही समूहांत तर नर-घटकाला दाद न देणारे ट्रान्सफॉर्मरचे रूप पसरलेले आहे. ज्या माशीकडे ते असेल ती मादीच होते, मग तिच्याकडे कितीही नर-घटक असोत. एकाच जातीच्या दोन समूहांत नर-मादी वेगळ्या गुणसूत्रांवर ठरतात ही गोष्ट विद्यार्थ्यांना पहिल्यांदा सांगितली की ते माझ्याकडे संशयाने पाहतात.

भूमध्यसागरी फळमाशीत (आतापर्यंतच्या फळमाशीहून ही वेगळी माशी) नर-घटक वायवर आहे. तो २०१९ मध्ये ओळखला गेला, आणि तो घरमाशीच्या घटकाशी जराही मिळताजुळता नाही. तिच्या एक्सएक्स भ्रूणात ट्रान्सफॉर्मरचे चक्र थोडा वेळ मोडले तरी पुरते, ते पुन्हा उभे राहत नाही, आणि जन्माला येतो तो प्रजननक्षम नर. एडिस इजिप्ती डासात नर-घटक निक्स हे जनुक आहे (२०१५). या डासाची लिंग ठरवणारी गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकांसारखीच दिसतात, फक्त पहिल्या गुणसूत्राचा एक छोटा पट्टा नरांत वेगळा असतो. मादीच्या जनुकसंचात एकटे निक्स घातले तर ती नर होते, पिल्लेही होतात, पण तो नर उडू शकत नाही, कारण उडण्याच्या स्नायूंसाठी नराला लागणारे मायो-सेक्स हे जनुक त्याच पट्ट्यात शेजारी असते आणि ते आलेले नसते. मलेरियाचा डास ॲनोफिलिस गॅम्बी याचा नर-घटक आणखी वेगळा आहे.

ॲडम विल्किन्स यांनी १९९५ मध्ये या सगळ्याचा अर्थ असा लावला की लिंगनिश्चितीची साखळी खालून वर वाढत गेली: आधी डबलसेक्ससारखे तळाचे जनुक होते, मग वेगवेगळ्या वंशांत त्याच्यावर वेगवेगळे अधिकारी येऊन बसले. अधिकारी बदलला तरी तळाचे काम अडत नाही, म्हणून वरची जागा बदलायला सोपी आणि खालची अवघड. तपशिलात अपवाद सापडले असले, तरी पंखवाल्या कीटकांपुरता हा विचार मला अजूनही टिकाऊ वाटतो. डबलसेक्सच्या कुळातली जनुके माणसातही आहेत, आणि त्यांतले एक वृषणाच्या घडणीत भाग घेते. मात्र खूप मागे गेले की चित्र थोडे बदलते: झुरळासारख्या, कोषावस्था नसलेल्या कीटकांत डबलसेक्स नर घडवायला लागते, पण मादीच्या घडणीत त्याची तशी गरज दिसत नाही. दोन आवृत्त्या दोन्ही लिंगांत राबवण्याची पद्धत बहुधा नंतर आली असावी.

फुलपाखरे आणि पतंग यांत तर गुणसूत्रांची पाटी उलटी असते. नराकडे दोन झेड आणि मादीकडे एक झेड व एक डब्ल्यू असते, म्हणजे पिल्लाचे लिंग आईच्या अंड्यावर ठरते. रेशीमकिड्यात डब्ल्यू असले की मादी, मग झेड कितीही असोत. पण डब्ल्यूवर प्रथिन बनवणारे लिंगनिर्धारक जनुक शोधून शोधून सापडत नव्हते. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की तिथे प्रथिन नाहीच. तिथून एक अगदी आखूड, जेमतेम एकोणतीस अक्षरांचा आरएनए निघतो. हा आरएनए झेडवरच्या मॅस्क्युलिनायझर या जनुकाचा संदेश ओळखतो आणि कापून टाकतो. संदेश कापला गेला की डबलसेक्स मादीच्या पद्धतीने जोडले जाते, आणि तो शाबूत राहिला की नराच्या. इथे दिशाही उलटी आहे: फळमाशीत डबलसेक्सची नर आवृत्ती आपसूक बनते आणि मादीची आवृत्ती बनवायला मदतनीस लागतो, रेशीमकिड्यात मादीची आवृत्ती आपसूक बनते आणि नराची बनवायला मदतनीस लागतो. डबलसेक्स मात्र दोन्हीकडे तेच आहे. रेशीम उद्योगाला याचा उपयोग जनुक सापडण्याच्या कितीतरी आधी झाला. नर अळी वजनाच्या मानाने जास्त रेशीम देते, म्हणून अळ्या वेगळ्या काढता आल्या तर फायदा होतो. ताझिमा यांनी जपानमध्ये अळीच्या अंगावरचे ठिपके देणारा गुणसूत्राचा तुकडा डब्ल्यूला जोडून असे वाण तयार केले की ठिपकेवाली अळी ती मादी आणि साधी अळी तो नर, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता यावे.

आता मधमाशी. योहान झियरझोन यांनी १८४५ मध्ये मांडले की नर माशी निषेचन न झालेल्या अंड्यातून जन्मते, आणि ते बरोबर निघाले. राणी अंडे घालताना शुक्रकोशातून शुक्राणू सोडते किंवा सोडत नाही. सोडला तर अंड्यात गुणसूत्रांचे दोन संच येतात आणि कामकरी किंवा राणी जन्मते, न सोडला तर एकच संच राहतो आणि नर जन्मतो. म्हणून नराला बाप नसतो, पण आईचा बाप असतो. (निषेचित अंड्यातून राणी होणार की कामकरी, हे अळीला मिळणाऱ्या अन्नावर ठरते, त्याचा नर-मादी ठरण्याशी संबंध नाही.) पण ‘एक संच म्हणजे नर’ हे स्पष्टीकरण अपुरे आहे, कारण पेशी संच मोजत नाही. ती पाहते ते एकाच ठिकाणी. सीएसडी नावाचे ते जनुक २००३ मध्ये मार्टिन बाय आणि सहकाऱ्यांनी शोधले. त्याची रूपे शंभराहून अधिक आहेत. दोन वेगळी रूपे एकत्र आली तर त्यांची प्रथिने मिळून फेमिनायझर या जनुकाची मादीची जोडणी करवतात, आणि फेमिनायझर म्हणजे मधमाशीचे ट्रान्सफॉर्मरच. पुढे पुन्हा डबलसेक्स. एकच रूप असेल तर हे घडत नाही आणि नर होतो. सीएसडी स्वतः फेमिनायझरचीच वेगळी झालेली प्रत आहे, म्हणजे खालच्याच जनुकाने आपली नक्कल वर बसवली.

यातून एक परिणाम थेट पोळ्यात दिसतो. राणीने अशा नराशी मीलन केले, ज्याच्या सीएसडीचे रूप तिच्या दोनांपैकी एकाशी जुळते, तर त्या नराच्या शुक्राणूंतून झालेल्या निम्म्या अंड्यांत दोन्ही रूपे सारखी येतात. ती पिल्ले दोन संच असूनही नर होतात. कामकरी माश्या अशा अळ्या अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांतच ओळखतात आणि खाऊन टाकतात. येझी वोयके यांनी १९६० च्या दशकात या अळ्या पोळ्याबाहेर वाढवून दाखवल्या, तेव्हा ही पिल्ले आजाराने मरत नसून खाल्ली जातात हे कळले. मधुपालकाला पोळ्याची चौकट उजेडात धरल्यावर बंद कप्प्यांच्या सलग पट्ट्यात मध्येच विखुरलेले रिकामे कप्पे दिसतात; नात्यातल्या माश्यांचा संकर झाल्याची ती एक खूण असू शकते, अर्थात रोगानेही तसे दिसू शकते. राणी दहा-वीस नरांशी मीलन करते त्यामागे आणखीही कारणे आहेत, पण अशा एखाद्या जुळत्या रूपाच्या नरामुळे निम्मी पिढी गमावण्याचा धोका त्याने वाटला जातो, हे नक्की. मुंग्या आणि गांधीलमाश्यांतही नर एकसंची असतो; हॅब्रोब्रॅकन या छोट्या परजीवी गांधीलमाशीत फिनियास व्हायटिंग यांनी असे एकाच जागेवरून ठरणारे लिंग मधमाशीच्या खूप आधी ओळखले होते. पण नॅसोनिया या दुसऱ्या परजीवी गांधीलमाशीत ही पद्धत नाही, तिथे आईने अंड्यात घातलेल्या ट्रान्सफॉर्मरवर आणि बापाकडून आलेल्या गुणसूत्रसंचावर निर्णय होतो.

बाकी प्रकार झटकन सांगतो. मावा वर्गातील नराकडे एकच एक्स असतो, कारण नर घडवायचा तेव्हा मादीच्या अंड्यातून एक एक्स टाकून दिला जातो. पिठ्या ढेकणांत नराच्या शरीरात बापाकडून आलेला संपूर्ण संच निकामी केला जातो. आणि काही वेळा निर्णय कीटकाचा नसतोच, तर त्याच्या पेशींत राहणाऱ्या वोल्बाकिया या जिवाणूचा असतो. हा जिवाणू फक्त आईकडून पिल्लांत जातो, त्यामुळे नर त्याच्या कामाचे नाहीत, आणि काही कीटकांत तो नर पिल्ले मारतो. हिपोलिम्नास बोलिना या फुलपाखरात समोआ बेटांवर २००१ च्या सुमारास शंभरात एखादाच नर उरला होता. पाच वर्षांत, सुमारे दहा पिढ्यांत, नरांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले, कारण जिवाणूला निष्प्रभ करणारे जनुक फुलपाखरांत पसरले. निसर्गात इतक्या वेगाने झालेले उत्क्रांतीचे बदल फार थोडे नोंदले गेले आहेत.

लिंग ठरल्यावर नर-मादीतले फरक कसे घडतात, याचे उत्तर पुन्हा डबलसेक्सकडेच जाते. पॅपिलिओ पॉलिटीस या फुलपाखराच्या काही माद्या नरासारख्या दिसतात, तर काही माद्या विषारी गुलाब फुलपाखरांची नक्कल करतात. नर कधीच नक्कल करत नाही. पंखांचा रंग, नक्षी, आकार असे इतके बदल एकत्र आनुवंशिक होतात म्हणून तिथे अनेक जनुकांचा घट्ट बांधलेला गुच्छ असेल असे दीर्घकाळ मानले जात होते. २०१४ मध्ये कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ते एकटे डबलसेक्स आहे. त्याची वेगळी रूपे उलटे फिरलेल्या गुणसूत्रतुकड्यात अडकून एकसंध वाहिली जातात. नर तेच रूप बाळगतो आणि मुलींना देतो, पण स्वतः ते दाखवत नाही. शिंगवाल्या भुंगेऱ्यांत नराची शिंगे वाढवण्याचे आणि मादीची दाबण्याचे काम हेच जनुक करते. वागणुकीत मात्र त्याला फ्रूटलेस हे दुसरे जनुक जोडीला लागते, आणि त्याचीही जोडणी ट्रान्सफॉर्मरच करते. २००५ मध्ये फळमाशीच्या मादीत फ्रूटलेसची नर आवृत्ती बनवली, तेव्हा शरीराने मादीच राहिलेल्या त्या माश्या दुसऱ्या माद्यांभोवती फिरून, पाय लावून, पंख थरथरवून प्रणय करू लागल्या. डासांच्या नियंत्रणातही हेच जनुक उपयोगी पडते: २०१८ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील गटाने ॲनोफिलिसच्या डबलसेक्सची मादीची जोडणी बिघडवणारे, स्वतःहून पसरणारे जनुकीय बांधकाम पिंजऱ्यातल्या डासांत सोडले आणि सात ते अकरा पिढ्यांत ते समूह नामशेष झाले. नर सुखरूप राहून बिघाड पुढे देत होते, माद्या वांझ होत होत्या.

आता अर्धे नर, अर्धे मादी असलेले फुलपाखरू. सस्तन प्राण्यात असे सहसा होत नाही, कारण वृषणातली संप्रेरके रक्तातून डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखीच पोहोचतात. कीटकांत तसे अंगभर फिरणारे लिंग-संप्रेरक नाही. प्रत्येक पेशी आपल्या आतल्या गुणसूत्रांप्रमाणे स्वतः ठरवते. म्हणून पहिल्याच पेशीविभाजनात काही चुकले की शरीराच्या दोन बाजू दोन लिंगांच्या होतात. अशा प्राण्याला गायनँड्रोमॉर्फ म्हणतात. फळमाशीत आम्ही हे मुद्दाम घडवतो: एक एक्स कड्याच्या आकाराचा ठेवला तर तो पहिल्या विभाजनांत कधी कधी हरवतो, आणि ज्या पेशींतून तो गेला त्या एकाच एक्सच्या, म्हणजे नर होतात. उरलेल्या एक्सवर पांढऱ्या डोळ्याचे जनुक असेल तर कार्बन डायऑक्साइडने गुंगलेली अशी माशी सूक्ष्मदर्शकाखाली उताणी केल्यावर एक डोळा पांढरा, दुसरा लाल, पांढऱ्या डोळ्याच्या बाजूच्या पुढच्या पायावर काळा कंगवा, दुसऱ्या पायावर काही नाही, आणि पोट किंचित वाकलेले, कारण नराची बाजू लहान असते, असे दिसते. हजारो माश्या वेगळ्या करूनही अशी माशी समोर आली की मी आजही हातातले काम थांबवून पाहतो. पतंगांत आणि फुलपाखरांत वेगळा मार्गही असतो: एका अंड्यात दोन केंद्रके राहतात आणि दोन्हींचे स्वतंत्र निषेचन होते, एकाला झेडझेड आणि दुसऱ्याला झेडडब्ल्यू मिळते. रेशीमकिड्यात ही प्रवृत्ती आनुवंशिक असलेले वाणही आहेत.

‘पेशी स्वतः ठरवते’ या विधानाला एक पुरवणी जोडायला हवी. डबलसेक्स शरीरातल्या सगळ्याच पेशींत चालू नसते. २०१० मध्ये फळमाशीत दाखवले गेले की ते ठरावीक पेशींतच असते, म्हणजे शरीर हे लिंग असलेल्या आणि नसलेल्या पेशींची सरमिसळ आहे. उलट, दिसायला काहीच फरक नसलेल्या आतड्याच्या मूळपेशींना मात्र त्यांचे लिंग असते, आणि त्यानुसार त्या कमी-जास्त वेगाने विभागतात.

तुमच्याकडे असे छायाचित्र असेल तर आधी ते खरोखर गायनँड्रोमॉर्फ आहे की मध्यलिंगी कीटक, हे तपासा. गायनँड्रोमॉर्फमध्ये प्रत्येक भाग पूर्ण नराचा किंवा पूर्ण मादीचा असतो आणि त्यांच्यातली रेषा ठसठशीत असते, बहुधा डोक्यापासून पोटापर्यंत बरोबर मधोमध. मध्यलिंगी कीटकात अशी रेषा नसते. ज्या ज्या अवयवात नर-मादीचा फरक असतो त्यात दोन्ही बाजूंना सारखेच अर्धवट, धूसर रूप दिसते, कारण तिथे गुणसूत्रे दोन प्रकारची नसून सगळ्याच पेशींतला निर्णय डळमळीत असतो. पंखांच्या रंगाबरोबर पतंग असेल तर मिशांची पिसे आणि शक्य असेल तर पोटाचे टोक, तेही दोन्ही बाजूंनी, स्पष्ट दिसेल असे छायाचित्र घ्या. एकट्या पंखावरून, विशेषतः माद्यांची अनेक रूपे असलेल्या जातींत, निदान हमखास चुकते.